कच्च्या वहीतील शिक्षण : चित्र, प्रयोग आणि निबंध यांचा विद्यार्थ्याने घेतलेला मागोवा

शाळेत विद्यार्थी जे काम करतो त्याचे मोल ठरवण्याचा अधिकार परंपरेने शिक्षकाकडे, परीक्षकाकडे आणि अखेरीस गुणपत्रिकेकडे राहिला आहे. काढलेले चित्र, केलेला प्रयोग किंवा लिहिलेला निबंध यांविषयी खुद्द विद्यार्थ्याचे म्हणणे काय आहे, काम करताना त्याचे कुठे अडले, कोणता निर्णय त्याने मध्येच बदलला आणि का बदलला, हे विचारण्याची रीत मात्र फारशी रुजलेली नाही. विद्यार्थ्याने आपल्याच कामाकडे मागे वळून पाहावे आणि जे दिसले ते स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे, या लेखनाला शिक्षणशास्त्रात चिंतनात्मक नोंद म्हटले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडताना शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याने केलेले स्वयंमूल्यमापन आणि वर्गमित्रांनी केलेले सहाध्यायी मूल्यमापन यांनाही जागा दिली असल्यामुळे, काही निवडक प्रयोगशील शाळांपुरती राहिलेली ही गोष्ट आता सर्वसामान्य शाळांच्या दाराशी आली आहे. म्हणूनच ती नीट समजून घेण्याची गरज आहे, कारण अशी नोंद करून घेणे सोपे असले तरी ती खरी असणे अवघड असते, आणि खोटी नोंद ही न केलेल्या नोंदीपेक्षा अधिक नुकसान करते.

खोटी नोंद म्हणजे जाणूनबुजून केलेली फसवणूक नव्हे. ‘मला हा उपक्रम खूप आवडला’, ‘यातून मला बरेच शिकायला मिळाले’, ‘पुढच्या वेळी मी अधिक मेहनत घेईन’ ही वाक्ये लिहिणारा विद्यार्थी बहुतेकदा प्रामाणिक असतो. परंतु ही वाक्ये कोणत्याही विषयाच्या, कोणत्याही इयत्तेच्या आणि कोणत्याही कामाच्या खाली तितकीच शोभून दिसतात, याचाच अर्थ ती त्या कामाविषयी काहीही सांगत नाहीत. ही वाक्ये का येतात याचा विचार केला, तर दोष मुलांच्या भाषेत किंवा प्रामाणिकपणात नसून त्यांच्यापुढे मागोवा घेण्यासाठी काही शिल्लकच ठेवलेले नसते, या वस्तुस्थितीत आहे, असे म्हणावे लागते. शाळेची सारी शिस्त पक्के काम राखण्याकडे आणि कच्चे काम टाकून देण्याकडे झुकलेली आहे. रफ वही वर्षाअखेरीला रद्दीत जाते आणि फेअर वही तपासली जाते. चित्रातील चुकलेली रेषा खोडरबराने पुसली जाते. प्रयोगातील न जुळलेले आकडे प्रयोगवहीत येतच नाहीत. निबंधाचा पहिला मसुदा असला तरी तो बाईंना दाखवायचा नसतो. ज्या ठिकाणी विचार घडला, चुकला आणि सुधारला त्या सगळ्या जागा अशा रीतीने साफ केल्यावर उरलेल्या स्वच्छ पानाकडे पाहून मागोवा लिही असे सांगितले, तर विद्यार्थी आवडले आणि शिकायला मिळाले याखेरीज दुसरे काय लिहिणार?

या विषयाची वैचारिक पार्श्वभूमी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेले अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये ‘हाऊ वी थिंक’ या ग्रंथात चिंतनशील विचाराची मांडणी केली, आणि असा विचार संभ्रमातून, म्हणजे पुढची वाट न सुचण्याच्या स्थितीतून सुरू होतो असे प्रतिपादन केले. १९७० च्या दशकात जॉन फ्लॅव्हेल या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्या विचारप्रक्रियेची जाण आणि तिच्यावरचे नियंत्रण यांना एक स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यासाठी अधिबोध हा शब्द वापरता येतो, आणि एखादे गणित चुकले हे कळणे म्हणजे बोध, तर ते नेमके कोणत्या समजुतीमुळे चुकले हे कळणे म्हणजे अधिबोध, अशी त्याची ढोबळ फोड करता येते. पुढे १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी व्यावसायिकांच्या कामाचा अभ्यास करून काम चालू असताना होणारे चिंतन आणि काम संपल्यावर होणारे चिंतन असा भेद केला. शाळेच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे, कारण शाळा नोंद मागते ती दुसऱ्या प्रकारची आणि शिकणे बव्हंशी घडते ते पहिल्या प्रकारात. या दोहोंना जोडणारा दुवा एकच असतो, तो म्हणजे काम चालू असताना कागदावर राहून गेलेल्या खुणा.

या खुणा जपण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत झाला. हार्वर्ड विद्यापीठात १९६७ मध्ये तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी कलाशिक्षणाच्या अभ्यासासाठी प्रोजेक्ट झीरो हा गट स्थापन केला होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या गटाने एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही परीक्षासंस्था आणि पिट्सबर्ग शहरातील सार्वजनिक शाळा यांच्या सहकार्याने आर्ट्स प्रोपेल हा उपक्रम चालवला. संगीत, दृश्यकला आणि कल्पनाप्रधान लेखन या तीन क्षेत्रांत माध्यमिक शाळांतील मुलांच्या कामाचे मूल्यमापन कसे करावे हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांनी काढलेले उत्तर असे की विद्यार्थ्याने निर्मिती करावी, बारकाईने पाहावे आणि चिंतन करावे, ही तीनही कामे एकमेकांत गुंतलेली असावीत. त्यासाठी त्यांनी संचिकेचे स्वरूपच बदलले. चित्रकार किंवा वास्तुरचनाकार कामाच्या शोधात फिरताना जी संचिका, म्हणजे पोर्टफोलिओ, सोबत नेतो तिच्यात निवडक उत्तम कामच असते. आर्ट्स प्रोपेलमधील प्रक्रिया-संचिकेत मात्र पहिली कच्ची रेखाटने, अर्धवट सोडलेले प्रयत्न, मध्यंतरी मिळालेले अभिप्राय, अंतिम कृती आणि या सगळ्यांवरच्या विद्यार्थ्याच्या नोंदी एकत्र ठेवल्या जात. हीच कल्पना पुढे अनेक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांत शिरली. तिच्या नावाने आज पुष्कळ ठिकाणी जे चालते, म्हणजे सजवलेले मुखपृष्ठ आणि आत केवळ सुबक काम असलेली फाइल, ते मात्र मूळ कल्पनेच्या नेमके उलट आहे.

चित्रकलेपासून सुरुवात केली तर महाराष्ट्रात एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे येथील शालेय चित्रकलेवर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचा असलेला प्रभाव. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन अशा विषयांत ठरावीक वेळात एका कागदावर पूर्ण करायचे काम या परीक्षांना अपेक्षित असते, आणि त्यांनी हजारो मुलांच्या हाताला वळण लावले हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु ठरावीक वेळात चित्र पूर्ण करण्याचा सराव आणि पाहण्याचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुलावर ठेवलेला एक साधा पितळी डबा घेतला तरी हे स्पष्ट होते. डबा डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे त्याचे गोल तोंड पूर्ण वर्तुळ न दिसता लंबगोल दिसते. वर्तुळ डोळ्यांच्या पातळीपासून जितके खाली जाईल तितका त्याचा लंबगोल अधिक फुगीर होत जातो, त्यामुळे डब्याच्या बुडाची कड ही तोंडाच्या कडेपेक्षा अधिक वळलेली दिसायला हवी. प्रत्यक्षात बहुसंख्य मुले तोंडाचा लंबगोल बऱ्यापैकी काढतात आणि बूड मात्र सरळ आडव्या रेषेने बंद करतात, कारण डबा सपाट स्टुलावर टेकलेला आहे हे त्यांना ठाऊक असते आणि ठाऊक असलेले डोळ्यांनी दिसणाऱ्यावर मात करते.

आता शिक्षकाने ती सरळ रेषा पुसून वळणदार रेषा काढून दिली, तर चित्र सुधारते आणि मुलाला फारतर एक नियम मिळतो. त्याऐवजी पहिला कागद तारीख घालून बाजूला ठेवला, दुसऱ्या कागदावर मुलाने एक डोळा मिटून पेन्सिल आडवी धरली आणि बुडाची कड पेन्सिलीपासून मध्यभागी किती खाली उतरते हे मोजले, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून तीन-चार वाक्ये लिहिली, तर त्या वाक्यांत ‘शेडिंगवर मेहनत घ्यायला हवी’ असे सरधोपट काही येण्याऐवजी डबा सपाट जागी आहे हे माहीत असल्यामुळे बूड सरळ काढले गेले, पेन्सिलीने मापल्यावर ते वळलेले निघाले, आणि मग शेजारच्या पेल्याचे बूडही त्याच कारणाने चुकले असल्याचे लक्षात आले, असा मजकूर येण्याची शक्यता निर्माण होते. ही नोंद केवळ चित्रकलेची राहत नाही. माहिती आणि निरीक्षण यांत फरक असतो हा विज्ञानाचा पहिला धडा त्या मुलाने चित्रकलेच्या तासाला घेतलेला असतो. कलाशिक्षणाला वेळापत्रकात दुय्यम स्थान देणाऱ्यांनी या गोष्टीकडे गांभीर्याने पाहायला हवे.

विज्ञानाच्या बाबतीत परिस्थिती अधिक गंभीर आहे, कारण तेथे नोंदवहीची प्रथा शतकानुशतके चालत आलेली असूनही शाळेने तिचा आत्मा काढून घेतला आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान ही प्रयोगवहीतील शीर्षके प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला पाठ असतात. अकरावी-बारावीत ही वही ‘जर्नल’ होते, उजव्या रेघी पानावर मजकूर आणि डाव्या कोऱ्या पानावर आकृती अशी तिची ठेवण असते, आणि प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी ती प्रमाणित करून घ्यावी लागते. या प्रमाणपत्राच्या धाकाने जर्नल पूर्ण करण्याची जी लगबग सुरू होते तिच्यात आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही समोर ठेवून उतरवणे आणि ‘रीडिंग बसवणे’, म्हणजे अपेक्षित उत्तर आधी ठरवून त्यावरून उलटे निरीक्षणांचे आकडे काढणे, हे प्रकार इतके सर्रास चालतात की त्यांत काही वावगे आहे याचीही जाणीव उरत नाही.

साध्या दोलकाच्या प्रयोगाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरेल. दोऱ्याला टांगलेल्या धातूच्या गोलकाला हलकासा झोका देऊन त्याच्या २० दोलनांना लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून एका दोलनाचा काळ काढायचा आणि दोलकाची लांबी व हा काळ यांच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण, म्हणजे मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, शोधायचे, असा हा प्रयोग. १ मीटर लांबीच्या दोलकाच्या २० दोलनांना सुमारे ४०.१ सेकंद लागतात आणि उत्तर ९.८ च्या जवळ येते. एखाद्या गटाचे उत्तर मात्र १०.८६ आले, तर प्रचलित रीतीप्रमाणे ती ओळ खोडली जाते आणि तिथे ९.७९ असा सभ्य आकडा येऊन बसतो. पण ती ओळ तशीच राहू दिली आणि गटाला विचार करायला लावला, तर मौजेची गोष्ट हाती लागते. गोलक सोडताच ‘एक’ म्हणून मोजायला सुरुवात केली असेल, तर वीस म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ च दोलने पूर्ण झालेली असतात आणि घड्याळ सुमारे ३८.१ सेकंद दाखवते. एका दोलनाचा काळ सुमारे ५ टक्क्यांनी कमी भरतो, सूत्रात त्या काळाचा वर्ग भाजकात असल्यामुळे उत्तर जवळजवळ ११ टक्क्यांनी फुगते, आणि नेमका १०.८६ हाच आकडा येतो. याउलट दोऱ्याची लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत न मोजता त्याच्या वरच्या हुकापर्यंतच मोजली, आणि त्यामुळे १ सेंटिमीटर लांबी हिशेबातून सुटली, तर उत्तर ९.७ पर्यंत खाली उतरते. म्हणजे चूक कोणत्या दिशेने आणि किती मोठी झाली यावरून तिच्या कारणाचा माग लागू शकतो. ज्या विद्यार्थ्याने हा माग स्वतः काढला त्याला मोजणी शून्यापासून का करावी हे आयुष्यभर सांगावे लागणार नाही. आणि ज्याने रीडिंग बसवले त्याच्या वहीत उत्तर बरोबर असले तरी त्याच्यापुरता तो प्रयोग झालेलाच नाही.

नोंद कधी करावी हा प्रश्नही विज्ञानात कळीचा ठरतो. १९७५ मध्ये बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की एखाद्या घटनेचा शेवट कळल्यानंतर माणसांना तो शेवट आधीपासूनच अपेक्षित होता असे वाटू लागते, आणि आपला मूळ अंदाज वेगळा होता हे ती विसरतात. या पश्चात्‌दृष्टीच्या दोषामुळे प्रयोग संपल्यावर लिहिलेला मागोवा नेहमीच अधिक शहाणा आणि कमी खरा असतो. त्यावरचा उपाय सोपा आहे : प्रयोगाला हात लावण्यापूर्वी काय घडेल आणि का घडेल हे दोन ओळींत लिहायचे, मग प्रत्यक्ष घडलेले लिहायचे, आणि दोहोंत फरक पडला तर त्याचे स्पष्टीकरण द्यायचे. थोर शास्त्रज्ञांच्या वह्या याच कारणाने वाचनीय असतात. मायकेल फॅरेडे यांनी आपल्या रोजनिशीतील परिच्छेदांना अनुक्रमांक दिले होते आणि ते सोळा हजारांच्या पुढे गेले. १८४९ मध्ये गुरुत्वाकर्षण आणि विद्युत यांचा संबंध शोधण्यासाठी त्यांनी तारेची वेटोळी उंचावरून खाली सोडून पाहिली, त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, आणि तो नकारही त्यांनी तितक्याच काळजीने नोंदवला व पुढे प्रसिद्धही केला.

सामान्य सरकारी शाळांत हे शक्य नाही असा आक्षेप घेतला जातो, त्याला शेजारच्या मध्य प्रदेशाने पूर्वीच उत्तर दिलेले आहे. १९७२ मध्ये फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या संस्थांच्या पुढाकाराने होशंगाबाद जिल्ह्यातील १६ उच्च प्राथमिक शाळांत एक विज्ञानशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत पोहोचला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो पुढे नेला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. या कार्यक्रमात मुले लहान गटांत स्वतः प्रयोग करीत, आपली निरीक्षणे आपल्या शब्दांत लिहीत, वेगवेगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडले जात आणि त्यांतील फरकावरच चर्चा होई. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची मुभा असल्याने उतरवून पाठ करण्याला अर्थ उरत नसे. मुलांच्या मनातील प्रश्नांसाठी सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण करण्यात आले होते, त्याच्या नावाने खेड्यापाड्यांतील मुले पत्रे पाठवीत आणि त्यांना उत्तरे जात. मातीच्या भिंतींच्या वर्गांतही मुले आपल्या आकड्यांविषयी विचार करू शकतात, हे या तीस वर्षांनी सिद्ध केले. तो कार्यक्रम थांबला ही भारतीय शिक्षणाची मोठी हानी होती.

लेखनाच्या बाबतीत मागोवा सर्वांत सोपा वाटतो, कारण कामाचे आणि मागोव्याचे माध्यम एकच, म्हणजे भाषा, असते. प्रत्यक्षात तो तेथेच सर्वांत कठीण असतो. अमेरिकन संशोधिका नॅन्सी सोमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि अनुभवी लेखक आपल्या मसुद्यांत कसे फेरफार करतात याची तुलना केली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या लेखी सुधारणा म्हणजे मुख्यतः शब्दांची अदलाबदल असते, तर अनुभवी लेखक सुधारणा करताना आपल्याला मुळात काय म्हणायचे आहे हेच पुन्हा शोधत असतात, असे त्यांना आढळले. कॅनडातील कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या संशोधकांनी १९८७ मध्ये हाच भेद ज्ञानकथन आणि ज्ञानरूपांतर अशा दोन संज्ञांनी मांडला : विषय दिल्यावर त्याबद्दल जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने लिहीत जाणे हे ज्ञानकथन, आणि लिहिता लिहिता आपल्या माहितीची नवी रचना करून लिहिण्यापूर्वी ठाऊक नसलेल्या जागी पोहोचणे हे ज्ञानरूपांतर.

मराठी शाळेतील निबंधाला हे निष्कर्ष तंतोतंत लागू पडतात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर पहिला मसुदा लिहिणारे मूल बहुधा ‘पाऊस सुरू झाला’ असे लिहिते, आणि पक्क्या वहीत उतरवताना तेथे ‘वरुणराजाचे आगमन झाले’ असे होते. झाडे ‘वृक्षवल्ली’ होतात, हिरवळीचा ‘हिरवा शालू’ होतो, आणि वजनदार शब्द आले म्हणजे निबंध सुधारला अशी मुलाची व अनेकदा शिक्षकाचीही समजूत होते. याच मसुद्याच्या मध्यावर कुठेतरी, पावसात भिजलेले दप्तर रात्री चुलीशेजारी उलटे करून ठेवावे लागले आणि दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या वहीला धुराचा वास येत होता, असे एखादे वाक्य असते, ते मात्र पक्क्या वहीपर्यंत पोहोचत नाही, कारण मार्गदर्शक पुस्तकातील नमुना निबंधात तसले काही नसते. या ठिकाणी मागोव्याचा प्रश्न हा असायला हवा की मसुद्यातील कोणते वाक्य दुसऱ्या कुणालाही लिहिता आले नसते, ते कुठे आहे, आणि ते ठेवले की गाळले. हा एक प्रश्न विचारला तरी निबंध त्या वाक्यापासून सुरू करता येईल का, असा विचार मूल करू लागते, आणि शब्द बदलण्यापलीकडची सुधारणा म्हणजे काय हे त्याला त्याच्याच कागदावर दिसते. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत आता प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असे प्रकार आले असले, तरी आत्मकथनाचेही ठरावीक साचे बाजारात आलेले आहेत. प्रश्नाचे नाव बदलून साचा मोडत नाही. १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयासारख्या शाळांनी मुलांच्या स्वतंत्र लेखनाला जे महत्त्व दिले, त्याचा आदर मोठा झाला, अनुकरण मात्र तुलनेने थोडे झाले.

तीनही विषयांना समान असा एक अडथळा गुणांचा आहे. इस्रायलमधील संशोधिका रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात काहींना केवळ गुण, काहींना केवळ लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही दिले. केवळ अभिप्राय मिळालेल्यांची पुढची कामगिरी आणि गोडी वाढली, परंतु अभिप्रायासोबत गुण येताच त्याचा लाभ जवळजवळ नाहीसा झाला, कारण गुण दिसले की मजकुरावरचे लक्ष उडते. चिंतनात्मक नोंदीलाच गुण दिले तर याहून वाईट घडते, ते असे की विद्यार्थी आपल्या अडचणीचे वर्णन करण्याऐवजी परीक्षकाला रुचेल अशी अडचण आणि तिच्यावरचा विजय रचू लागतो. महाराष्ट्रात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकणे चालू असतानाच केल्या जाणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ साधनांत स्वयंमूल्यमापनाचा समावेश होता. पण ते आठव्या, ‘इतर’ या साधनात प्रश्नावली, गटकार्य आणि सहाध्यायी मूल्यमापन यांच्यासोबत ठेवलेले होते, आणि बहुतेक वर्गांत त्याची पाळी आलीच नाही. शिक्षकांनी लिहायच्या वर्णनात्मक नोंदींच्या तर तयार याद्याच फिरू लागल्या. समग्र प्रगतिपत्रकातील विद्यार्थ्याच्या पानाचीही गत तशीच होऊ नये असे वाटत असेल, तर हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांपैकी एकाला रंग भरून घेण्यावर समाधान मानून चालणार नाही.

शिक्षकांची अडचणही खरी आहे आणि ती झटकून टाकणे अन्यायाचे होईल. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक स्तरावर ३० आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. ३५ मुलांची एकेक नोंद वाचायला प्रत्येकी तीन मिनिटे धरली, तरी एका कामासाठी पावणेदोन तास जातात, आणि वर्ग त्याहून मोठा असेल तर हिशेब कोलमडतो. त्यामुळे प्रत्येक कामावर नोंद मागणे हा अव्यवहार्यच नव्हे तर चुकीचा आग्रह आहे. सत्रात प्रत्येक विषयातील एखाददुसरेच काम विद्यार्थ्याने स्वतः निवडावे, त्याचे कच्चे आणि पक्के रूप एकत्र टाचावे आणि त्यावर अर्धे पान लिहावे, हे कोणत्याही शाळेला पेलण्यासारखे आहे. निवड विद्यार्थ्याने करणे यात महत्त्वाचे, कारण कोणते काम दाखवण्याजोगे आहे हे ठरवतानाच निम्मा मागोवा घेऊन झालेला असतो.

भाषेचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. सेमी-इंग्रजी वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, उर्वरित विषय मराठीतून शिकवले जातात; अशा वर्गातील मुलाला विज्ञानाचा मागोवा इंग्रजीतूनच लिहायला लावला, तर ते पाठ्यपुस्तकातील वाक्यांच्या आधारानेच बोलू शकते, आणि दोलकाची मोजणी शून्याऐवजी एकपासून झाली ही साधी कबुलीही त्याला देता येत नाही. संज्ञा इंग्रजी राहू देऊन वाक्य मराठीत लिहिण्याची मोकळीक दिली, तर नोंदीचा कस लगेच वाढतो. धडगाव, मेळघाट किंवा भामरागडकडच्या शाळांत, जिथे घरची भाषा भिली, कोरकू किंवा माडिया असते, तिथे लिहिण्याआधी बोलणे यायला हवे. लहान इयत्तांतील मुलाने आपले चित्र हातात धरून सांगावे आणि शिक्षकाने किंवा वरच्या वर्गातील मुलाने ते कागदाच्या मागे लिहून घ्यावे, ही रीत दोन शिक्षकांच्या शाळेतही चालू शकते. मात्र लिहून घेताना मुलाचे वाक्य प्रमाण मराठीत दुरुस्त न करता त्याने उच्चारले तसेच उतरवले पाहिजे, कारण दुरुस्त केलेल्या वाक्यात शिक्षकाचा विचार येतो आणि पुढच्या महिन्यात ते वाक्य मुलाला वाचून दाखवले, तर ते आपले आहे हे त्याला ओळखू येत नाही.